धरलंय, या सावकाश

खांद्यावर पंचा न घेता अण्णा निघालेले मी एकदाच पाहिले. त्याबद्दल सांगायचं तर आधी पंच्याबद्दलच सांगावं लागेल.

अण्णा म्हणजे माझे सासरे. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ते झोपेतच गेले, कुणाला काही त्रास न देता. त्यांचा पंचा साधाच होता. पांढरा, लाल काठाचा, धुऊन धुऊन मऊ पडलेला. त्याला ते तोंड पुसत नसत, हात पुसत नसत. घाम पुसायला खिशात वेगळा रुमाल असे. पंचा हा जागा धरण्यासाठी असतो, अशी त्यांची ठाम समजूत होती. बस असो, डॉक्टरचा दवाखाना असो, देवळातलं कीर्तन असो, अण्णा सगळ्यांच्या आधी पोचायचे, पंचा ऐसपैस पसरायचे आणि मागून धापा टाकत येणाऱ्या आम्हा मंडळींना लांबूनच ओरडून सांगायचे, "धरलंय! या सावकाश!"

मी नागपूरची. लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा या घरातलं मराठी ऐकून पहिले काही महिने मी नुसती मान डोलवत होते. या लोकांना इथे येऊन तीनशे-चारशे वर्षं झालेली. 'थोडं' नाही, 'स्वल्प'. 'बरं' नाही, 'सरी'. मी मेघा, तर अण्णांची मेघम्मा. मी एकदा विचारलं, "तुमचे पूर्वज इथे आले कसे?" तर म्हणाले, "फौजेबरोबर आले की. फौज गेली परत, आमचे लोक जागा धरून बसले." हे सांगताना ते हसले नाहीत, म्हणून मीही हसू दाबलं.

त्यांची सगळी नोकरी यशवंतपूरच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये झाली. घर जे. पी. नगरला. म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, रोज, बसने. सासूबाईंना मी पाहिलेलं नाही, त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या. पण त्यांची शाळा याच रस्त्यावर होती आणि आमच्या स्टॉपवर येईपर्यंत बस भरलेली असायची, म्हणून अण्णा सकाळी घरातून लवकर निघून उलट्या दिशेला मागच्या स्टॉपपर्यंत चालत जायचे. तिथे बसमध्ये चढायचे, पंचा टाकायचे. आमच्या स्टॉपवर सासूबाई चढल्या की जागा त्यांना, आणि अण्णा यशवंतपूरपर्यंत दांड्याला लटकून. वर्षानुवर्षं हा प्रकार चालला. "अण्णा, तुम्ही दोघांसाठी का नाही धरली जागा?" मी विचारलं होतं. त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "दोन दोन जागा धरणं बरं दिसतंय काय?"

हे खरं नव्हतं. वेळ आली तर ते दहा-दहा जागा धरत. आमच्या लग्नात, नागपूरला, जेवणाच्या पहिल्या पंगतीत त्यांनी तीन खुर्च्यांवर पंचा आडवा पसरला आणि स्वतः चौथ्या खुर्चीपाशी पहाऱ्याला उभे राहिले. मुलाचे वडील! माझे एक तापट काका बाबांकडे तणतणत गेले, "अरे, हे तुझे व्याही काय करून राहिले? लोक ताटकळून राहिले तिथं!" बाबा धावत आले. तेव्हा अण्णांनी पंचा उचलला, झटकला आणि म्हणाले, "बसा. तुम्ही, ताई, आणि ते मांडवाचं बघणारे भाऊ. सकाळपासून तिघांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मी बघालोय." माझी आई त्या खुर्चीवर बसली आणि तिथेच रडायला लागली. बाबा गेल्यावरही ती हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

जुई झाली तेव्हा बाळंतगृहाच्या बाहेरच्या बाकावर गर्दी होती. अण्णा एका टोकाला आणि शेजारी पंचा. श्रीधर, म्हणजे माझा नवरा, उभा. एक बाई म्हणाल्या, "इथे कोणी बसलंय का?" अण्णा कन्नडमध्ये म्हणाले, माणूस यायचंय. बाईंनी विचारलं, कुठे गेलंय? अण्णांनी बंद दाराकडे बोट दाखवलं. त्या बाई म्हणे शेवटपर्यंत उभ्या राहिल्या, पण त्या जागेकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. नर्सने जुईला बाहेर आणलं तेव्हा अण्णांनी तिला त्याच पंच्यात घेतलं, आणि त्या दिवसापासून पंचा दोघांचा झाला.

मी पाच-सहा महिन्यांनी ऑफिसला जाऊ लागले. जुईला अण्णांनीच वाढवलं असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. दहीभात तेच भरवायचे, आणि तोही पंच्याचं टोक तिच्या मुठीत असेल तरच ती खायची. झोपताना तेच. बागेत ती झोपाळ्याकडे दुडूदुडू निघाली की अण्णा पुढे धावून झोपाळ्यावर पंचा टाकायचे आणि बाकीच्या पोरांच्या आयांची बोलणी खायचे. एक गोष्ट मात्र होती. ते जुईला दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. शेजारच्या आजींनी हात पुढे केले की अण्णा म्हणायचे, "असू दे, मी धरलंय." माझ्याकडे देतानासुद्धा आधी माझे हात कोरडे आहेत ना ते बघायचे. मला याचा राग यायचा आणि सोयही वाटायची.

अशात माझी आई नागपूरला न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा एकटी राहू शकणार नव्हती, आणि मी एकुलती एक. आईला बंगळूरला आणायचा प्रयत्न केला. तिने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की मला माझ्या घरातच राहू दे. शेवटी आम्ही ठरवलं, आपण नागपूरला जायचं. मला घरून काम मिळत होतं, श्रीधरने तिथे नोकरी शोधली. हे सगळं ठरलं, पण अण्णांना सांगायचं कोणी? जुईला त्यांच्या मांडीवरून उचलून नेणार आहोत, हे त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं?

श्रीधरने तोडगा काढला. त्याच्या डोक्यातून असले तोडगे निघतात. म्हणाला, आपण सगळे बोटीने फिरायला जाऊ. कोचीहून मोठं जहाज निघतं, लक्षद्वीपच्या बेटांना जाऊन येतं. अण्णा कधी जहाजात बसले नाहीत. तिथे खूश असताना निवांत सांगू. मी म्हटलं, "जहाजावरच का?" तर म्हणाला, "तिथून ते उठून जाऊ शकणार नाहीत." बापाला ओळखण्यात पोरगा चुकला नव्हता.

ज्याने दीड वर्षाच्या मुलीला घेऊन जहाजातून प्रवास केला आहे, त्याला मी काय निराळं सांगू? माझ्या पिशवीत उलटीचं औषध, तापाचं औषध, चार टोप्या आणि जगातल्या सगळ्या काळज्या होत्या. जहाज बेटापासून लांब उभं राहायचं, कारण तिथे पाणी उथळ. मग जहाजाच्या पोटातलं दार उघडायचं आणि खाली हेलकावणाऱ्या लहान बोटीत एकेका प्रवाशाला खलाशी हाताला धरून उतरवायचे. तो प्रकार वरून पाहिला आणि मी जाहीर करून टाकलं की जुई जहाजावरच राहील, लहान मुलांच्या खोलीत. तिथे खेळणी आहेत, सांभाळायला मुली आहेत.

"अय्यो," अण्णा म्हणाले, "समुद्रापर्यंत आणून पोरीला खोलीत कोंडायचं? मग जे. पी. नगर काय वाईट होतं?"

मी हो म्हणायच्या आतच ते रांगेत पुढे गेलेसुद्धा. आणि तिथे त्यांनी तो घोळ घातला, जो आमच्या घरच्यांशिवाय कुणी घालणार नाही. पहिली बोट लागताच ते खलाशाच्या हाताला धरून टुणकन उतरले आणि सावलीतल्या बाकावर पंचा पसरून मोकळे झाले. चार जागा! खलाशी म्हणतोय, अंकल, असं चालत नाही, जो उतरेल तो बसेल. अण्णा म्हणताहेत, फॅमिली येतीय, स्वल्प थांबा. मागचे लोक ओरडायला लागले. आम्ही रांगेत मागे, जुई माझ्या कडेवर. आणि बोट सुटली. पंचा घेऊन, अण्णांना घेऊन.

"धरलंय!" अण्णा तिकडून ओरडले. पाणी मध्ये वाढत चाललं होतं. "या सावकाश!"

सावकाश कसलं? पंचा जातोय हे पाहून जुईने जो टाहो फोडला, त्याने अख्खं जहाज गोळा झालं. आम्हाला तिसऱ्या बोटीत जागा मिळाली. बेटाच्या धक्क्यावर उतरून पाहतो तर वाळूत एका माडाखाली अण्णा नुसत्या बनियनवर उभे. सावलीतल्या वाळूवर ओळीने एका जागी पंचा, एका जागी शर्ट, एका जागी चपला, एका जागी चष्म्याचं घर. चौघांची जागा धरून झाली होती. आजूबाजूचे पर्यटक उन्हात बसले होते आणि या माणसाकडे रागाने बघत होते. मी खूप बोलणार होते. पण जुई माझ्या कडेवरून घसरून पंच्यावर जाऊन बसली आणि टाहो बंद झाला. अण्णांनी शर्ट उचलून झटकला. म्हणाले, "तू उन्हात आलीस मेघम्मा, तोंड लाल झालंय. बस आधी."

दुसऱ्या दिवशी काचेच्या तळाच्या होडीत बसायचं होतं. आता अण्णांनी पंच्याचं एक टोक जुईच्या लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात आणि दुसरं आपल्या मनगटाला बांधलं. पंचा आणि पोरगी दोन्ही हाताशी राहतील, असा हिशेब. होडी निघाली. खाली पोवळी, निळे-पिवळे मासे, एक कासवसुद्धा दिसलं. सगळे वाकून काचेतून बघत होते. जुईने काचेकडे ढुंकून पाहिलं नाही. तिला होडीच्या कोपऱ्यात साचलेलं पाण्याचं थारोळं सापडलं होतं. ती त्यावर तळहात आपटायची, पाणी उडायचं आणि ती खदखदून हसायची. श्रीधर तिची मान धरून "मासा बघ, मासा" करून थकला. अण्णांनी त्याला दटावलं. "राहू दे की. समुद्रच तो पण. तिच्या हाताच्या मापाचा." आणि उरलेला सगळा वेळ समुद्रातली नवलाई सोडून हा माणूस त्या थारोळ्यावर नातीबरोबर हात आपटत बसला. पँट गुडघ्यापर्यंत भिजली. मला तेव्हा वाटलं की सांगूच नये. काही सांगू नये, परत जाऊन सामान लावून मोकळं व्हावं.

सांगायचा प्रयत्न श्रीधर रोज करत होता. रोज सकाळी कॉफी घेताना तो "अण्णा, एक बोलायचं होतं" म्हणायचा आणि मग पुन्हा कॉफी मागवायचा.

शेवटच्या बेटावरून परतताना वारा सुटला. बोट जहाजाच्या दाराशी आली तेव्हा लाटा चांगल्याच उठत होत्या. लाट आली की बोट दाराच्या उंचीला यायची, ओसरली की पुरुषभर खाली जायची. दारात एक वयस्क मल्याळी खलाशी उभा होता. गळ्यात चकचकीत शिट्टी. बोट वर आली की तो हात पकडायचा आणि माणसाला आत खेचायचा. अण्णा आम्हाला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी धरलंय हिला." मी चढले, श्रीधर चढला. वळून पाहिलं तर खाली बोटीत अण्णा, छातीशी जुई, दोघांमध्ये पंच्याची गाठ.

"बच्ची को दो पहले," खलाशी म्हणाला.

"आम्ही दोघं एकदम येतो," अण्णा मराठीतच म्हणाले.

"नहीं अंकल. एक एक. बच्ची दो."

बोट वर आली. खलाशाने हात पुढे केले, जुईच्या जॅकेटला त्याची बोटं लागली. अण्णांनी सोडलं नाही. बोट खाली गेली. मागचे लोक काहीबाही बोलायला लागले. पुन्हा लाट आली, बोट वर आली. अण्णांचे हात तसेच आवळलेले. मी त्यांचा चेहरा इतका घाबरलेला कधीच पाहिला नव्हता. सासूबाईंच्या आजारपणाबद्दल बोलतानासुद्धा नाही. बोट पुन्हा खाली गेली आणि मी दाराची कड धरून ओरडले, "अण्णा, द्या तिला! द्या हो!"

जुईला मात्र कसलंच भय नव्हतं. तिला शिट्टी दिसली होती. बोट तिसऱ्यांदा वर यायला लागली तसे तिने दोन्ही हात त्या अनोळखी माणसाकडे पसरले आणि ती पुढे झेपावली. अण्णांनी त्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं. मग दातांनी मनगटावरची गाठ ओढून सोडली. बोट अगदी वर आली आणि त्यांनी हात उघडले.

पोरगी आत आली. पंचा तिच्या मागे लोंबत आत आला. आणि बोट अण्णांना घेऊन खाली गेली. क्षणभर दारातून नुसतं पाणी दिसलं. मग लाटेबरोबर अण्णा वर आले, रिकामे हात अजून तसेच पुढे धरलेले. "सरी, सरी," असं स्वतःशीच म्हणत होते. त्याच हातांना धरून खलाशाने त्यांना आत घेतलं.

वर डेकवर ते जुईशेजारी बसले. जुई खलाशाने दिलेली शिट्टी तोंडात घालून गाल फुगवत होती, शिट्टी वाजत नव्हती. श्रीधर कॉफी घेऊन आला, शेजारी बसला, म्हणाला, "अण्णा, एक बोलायचं होतं."

"नागपूरला कधी निघायचं?" अण्णांनी विचारलं.

श्रीधरने कॉफी खाली ठेवली.

"लहानपणी परीक्षेत नापास झालास की असाच आधी कॉफी आणून द्यायचास," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुझी आई एकटी हाय मेघम्मा. तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवणं बरं नव्हे."

मला रडू फुटलं. मी त्यांना आमच्याबरोबर चला म्हटलं. खरोखर मनापासून म्हटलं. घर मोठं आहे, आईलाही सोबत होईल, जुईला तुमच्याशिवाय जेवण जात नाही. ते ऐकत होते, मान हलवत होते. मग म्हणाले, "मी आलो तर इथली जागा कोण धरणार? तुम्ही परत येणार नाही का कधी?"



पुढे दोन महिन्यांत सामान बांधून झालं. गाडी यशवंतपूरहून होती. नोकरीभर ज्या भागात गेले तो हा भाग, त्यामुळे अण्णा स्टेशनवर घरच्यासारखे वावरत होते. कुठल्या दारापाशी डबा येईल ते हमालालाच सांगत होते. आमचं रिझर्वेशन होतं, खालचे दोन बर्थ, नंबरासकट. मी ते तीनदा सांगितलं. तरी गाडी फलाटाला लागते न लागते तोच अण्णा आत शिरले. आम्ही बॅगा, पिशव्या आणि जुईला घेऊन डब्याच्या दाराशी पोचलो तेव्हा आतून हाक आली.

"धरलंय! या सावकाश!"

खालच्या बर्थवर पंचा पसरलेला होता, सुरकुतीही नव्हती. समोरच्या प्रवाशाला ते सांगत होते, स्वल्प सरका, लहान मूल हाय. त्यांनी जुईला माझ्याकडून घेतलं, पंच्यावर बसवलं, तिच्या पायातले बूट काढून बर्थखाली जोडीने ठेवले. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "येतो पुट्टी," म्हणाले. पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी. मग श्रीधरच्या पाठीवर थाप मारून, माझे हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन, गाडी हलायच्या कितीतरी आधीच खाली उतरले. त्यांना उतरायची घाई करताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

गाडी हलली तेव्हा माझ्या लक्षात आलं. खिडकीच्या बंद काचेपलीकडे अण्णा गाडीबरोबर चालत होते आणि त्यांचा खांदा रिकामा होता. त्यांचा हात सवयीने खांद्याकडे जाई, तिथे काही सापडत नसे, खाली येई. मी घाईघाईने पंच्याचं टोक उचलून काचेला लावलं. त्यांनी ते पाहिलं. हाताने खूण केली, ठेव, ठेव. आणि मग एका चहाच्या गाड्यापाशी ते थांबले. मी त्यांना समोर पाहिलं ते शेवटचंच. नंतर फोनवर व्हिडिओ लावून रोज बोलणं व्हायचं, पण फोन कानाला लावायचा की तोंडासमोर धरायचा हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही, म्हणून आम्हाला त्यांचा कानच दिसायचा.

गाडीने वेग घेतला. जुईने आपल्या अंगाखालून पंचा ओढून काढला. खिडकीजवळची जागा रिकामी होती. तिने तिथे तो पसरला, एक टोक दुमडलं होतं ते नीट केलं, आणि त्यावर तळहात ठेवून बसली. पुढच्या स्टेशनवर एक गृहस्थ चढले. मधला बर्थ त्यांचा होता, म्हणजे दिवसा खाली बसायचा हक्कही त्यांचा, हातात तिकीट होतं. ते बसायला वाकले तसे जुईने दोन्ही हात पसरले.

"अन्ना," ती म्हणाली.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. "कोई आ रहा है क्या?"

कुणी यायचं नव्हतं. मला ते ठाऊक होतं, श्रीधरलाही ठाऊक होतं. पंचा उचलून घडी करायला एक क्षण लागला असता.

"हां," मी म्हटलं. "आ रहे हैं."

त्या भल्या माणसाने बॅग मांडीवर घेतली आणि तो समोरच्या बाकाच्या कडेला अंग चोरून बसला.